पीडीएफला चार ॲप आणि आधार कार्ड कॅल्क्युलेटरमध्ये? या चुका टाळा

गणपतीला गावी गेलो की आरतीनंतर माझ्या हातात प्रसादाच्या आधी दोन-तीन फोन येतात, घरात "याला त्यातलं कळतं" असा शिक्का एकदा बसला की सुटका नाही. यावेळी आत्याचा फोन होता. "अरे, सातबारा उघडायला गेले तर आधी लुडोची जाहिरात, मग कर्जाची, मग म्हणे अपडेट करा, तलाठ्यापुढे उभी राहून मी जाहिराती बघत बसले!" फोन बघितला तर पीडीएफ वाचायची चार ॲप, चारही लाल, आणि आधार, पॅन, पासबुक हे सगळं एका कॅल्क्युलेटरमध्ये. म्हणजे दिसायला कॅल्क्युलेटर आणि आत तिजोरी असलं ते ॲप, भाच्याने टाकून दिलेलं.

घोळ इथेच आहे, वाचणं आणि जपून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण दोन्हीसाठी प्ले स्टोअरवर जे पहिलं दिसेल ते उचलतो. वाचणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधलं जितकं कमी दिसेल तितकं बरं, आणि ठेवायच्या जागेला कुलूप हवं, नुसता पडदा नको. आत्याच्या फोनमध्ये दोन्ही उलटं होतं.

नवीन पीडीएफ ॲप टाकायची घाई

पीडीएफ हे काही कुणा एका कंपनीचं गुपित नाही. ॲडोबीने 1993 मध्ये आणलं, 2008 पासून ते आयएसओचं खुलं स्टँडर्ड आहे, म्हणजे पीडीएफ उघडणारं ॲप कोणीही बनवू शकतो, आणि कोणीही बनवतो, म्हणून तर हा एवढा ढीग. बहुतेक अँड्रॉइडमध्ये गूगल ड्राइव्ह आधीपासून असतं आणि त्यातच पीडीएफ उघडते (उघडली म्हणजे क्लाउडवर चढली असं नाही, घाबरू नका), आयफोनमध्ये फाइल्स ॲप आहे. वर्ड-एक्सेल अधूनमधून बघायचं असेल तर गूगल डॉक्स-शीट्स नाहीतर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप. मोठी पुस्तकं वाचायची असतील तर रीडइरा किंवा लिब्रेरा बघा. माझ्या मते नव्वद टक्के लोकांना यापलीकडे काही लागत नाही.

आता परवानग्या. तुम्ही फाइलवर टॅप करून ती ॲपमध्ये उघडता तेव्हा अँड्रॉइड त्या ॲपला तेवढी एकच फाइल दाखवतो. मग "सगळ्या फाइल्सचा ॲक्सेस द्या" असं रीडर का मागतो? तर फोनमधल्या सगळ्या पीडीएफची यादी तुम्हाला दाखवायला, आणि यादी दाखवायची म्हणजे त्याला सगळं दिसणार, पगाराची स्लिप पण आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट पण. नको म्हणा. नाही म्हटल्यावर ॲप चालतच नसेल तर ते ॲपच नको. आणि कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटी मागितली तर विचार करू नका, काढून टाका. 2021 मध्ये अनात्सा नावाचा बँकेवर डल्ला मारणारा ट्रोजन (म्हणजे कामाच्या ॲपच्या वेषात शिरणारा व्हायरस) प्ले स्टोअरवरच पीडीएफ स्कॅनर आणि क्यूआर स्कॅनरच्या वेषात सापडला होता. पद्धत साधी, आधी ॲप नीट चालतं, मग म्हणतं अपडेट घ्या, मग ॲक्सेसिबिलिटी चालू करा, आणि ती दिली की तुमच्या स्क्रीनवरचं सगळं त्याला वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

"पण त्याला दहा कोटी डाउनलोड आहेत ना" असं म्हणाल तर कॅमस्कॅनर आठवा. ऑगस्ट 2019 मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला त्यातल्या जाहिरातींच्या कोडमध्ये ट्रोजन सापडला तेव्हा त्याचे डाउनलोड दहा कोटींवर होते. गूगलने काढलं, दुरुस्त होऊन परत आलं, आणि जून 2020 मध्ये भारत सरकारने ज्या 59 ॲपवर बंदी घातली त्यात ते पुन्हा होतंच. स्कॅन करायला वेगळं ॲप लागतच नाही, ड्राइव्हमध्ये स्कॅनचं बटण आहे, आयफोनच्या नोट्समध्ये आहे.

एक छोटी गोष्ट. कधीतरी चुकून "नेहमी याच ॲपमध्ये उघडा" दाबलेलं असतं आणि मग दुसरं चांगलं ॲप असूनही तेच जाहिरातवालं उघडत राहतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, ते ॲप, त्यात बाय डिफॉल्ट उघडण्याचं आहे तिथे जाऊन ते क्लिअर करा. ॲप ठेवायचंच नसेल तर सरळ अनइन्स्टॉल.

फाइल उघडत नाही म्हणून ॲपला शिव्या

बऱ्याचदा दोष ॲपचा नसतोच. आधी फाइलची साइज बघा. सरकारी साइटवरून उतरवलेला दाखला 2-3 केबीचा दिसत असेल तर ती पीडीएफ नाहीच, तुमचं लॉगिन मध्येच संपलं आणि साइटने दाखल्याऐवजी लॉगिनचं पानच पीडीएफ नावाने हातात दिलं. परत लॉगिन करून परत उतरवा, पाचवं ॲप टाकून काही होणार नाही.

पासवर्ड मागत असेल तर ई-आधारचा पासवर्ड ठरलेला असतो, नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मसाल. हे लिहायला मला काहीच वाटत नाही कारण ते सगळ्या जगाला माहीत आहे, आणि म्हणूनच "माझ्या आधारला पासवर्ड आहे, मी कुठेही पाठवेन" या भ्रमात राहू नका. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला पासवर्डही माहीत आहे.

व्हॉट्सॲपवर आलेली जुनी फाइल उघडत नसेल तर ती बहुधा फोनमधून डिलीट झालीये, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा. आणि नावाच्या शेवटी पीडीएफ नसून एपीके (म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल) असेल तर हातच लावू नका. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावाने एपीके फिरतात, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही हो.

आणि आपलं मराठी दुखणं वेगळंच. सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक, वकिलाने पाठवलेला मसुदा वर्डमध्ये येतो, फोनवर उघडला की मराठीच्या जागी डॉलर, कंस, टिंबं, अर्धी इंग्रजी असा सडा. फाइल खराब नाहीये. ती श्रीलिपी, कृतिदेव नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलीये, ज्यात आतून इंग्रजीचीच अक्षरं असतात आणि फॉन्ट नुसता वरून मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट तुमच्या फोनमध्ये नाही, म्हणून मुखवटा गळला. फाइल वाचायचं कुठलंही ॲप हे दुरुस्त करणार नाही. पाठवणाऱ्याला सांगायचं, तुमच्या कॉम्प्युटरवरूनच पीडीएफ करून पाठवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसून येतो आणि मग नीट दिसतं. पण दिसतं एवढंच, त्यातलं कॉपी करायला किंवा शोधायला गेलात की पुन्हा तोच सडा. युनिकोडमधली, म्हणजे आतूनही मराठीच अक्षरं असलेली वर्ड फाइल असली तर वाचता येते, फक्त मंगल फॉन्टच्या जागी फोनचा स्वतःचा फॉन्ट लागतो आणि पानाची रचना सरकते, ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मला ते फार खुपतं, पण वाचायला अडचण नाही.

साइज कमी करायला कुठल्याही साइटवर चढवणं

फॉर्म म्हणतो फाइल 200 केबीच्या आत हवी, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, बारा वाजता लिंक बंद होणार, मग आपण सर्च करतो आणि पहिल्या साइटवर आधार, उत्पन्नाचा दाखला, दहावीचं मार्कशीट धाडकन चढवतो. ती फाइल कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेली, कधी पुसली, पुसली का, काही कळत नाही. त्यापेक्षा पुन्हा स्कॅन करा आणि स्कॅन करताना रंगीत ऐवजी ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा, साइज बऱ्यापैकी उतरते. सिनेमाचं तिकीट असेल तर चढवा खुशाल कुठेही.

आणखी एक, 15 रुपये भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा असतो ना, त्याची सही त्या फाइलमध्येच असते. साइज कमी केली किंवा स्क्रीनशॉट काढला की तपासता येईल अशी सही उरत नाही, नुसतं सहीचं चित्र उरतं. मूळ फाइल तशीच जपा.

आधार नंबरवर काळी पट्टी ओढून पाठवणारेही भेटतात. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर तिथेच असतो, सिलेक्ट करून कॉपी केला की नंबर हजर. फोटोवर हायलायटरने काळं केलं असेल तर ब्राइटनेस वाढवून दिसू शकतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे येतात.

कॅल्क्युलेटरची तिजोरी

ही चूक मी स्वतः केलीये म्हणून जरा जास्त बोलतो. माझ्या जुन्या फोनमध्ये असंच एक ॲप होतं, नाव घेत नाही. त्यात भाडेकरार, डिग्री आणि काही फोटो होते. एक दिवस फोन हँग व्हायला लागला म्हणून मी उत्साहाने साफसफाई केली, त्या ॲपचा डेटा क्लिअर केला, ॲप परत उघडलं तर नवा पिन सेट करा म्हणे. आत काहीच नाही. डिग्री कागदावर होती, करार घरमालकाकडून परत घेतला, फोटो गेले ते गेले.

यातली बरीच ॲप फाइल लपवतात फक्त. नाव बदलून, पुढे टिंब लावून एका फोल्डरमध्ये टाकतात म्हणजे गॅलरीत दिसत नाही, पण फोन कॉम्प्युटरला जोडला की जाणकार माणूस पाच मिनिटात बाहेर काढेल. आणि काही ॲप फाइल स्वतःच्या पोटात ठेवतात, मग ॲप काढलं की पोटासकट गेलं. म्हणजे चोराला उघडं आणि मालकाला बंद.

फोनमधलंच वापरा. सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर आहे, फाइल्स बाय गूगलमध्ये सेफ फोल्डर आहे, अँड्रॉइड 15 पासून प्रायव्हेट स्पेस आलंय, आयफोनवर आयओएस 18 पासून कुठलंही ॲप फेस आयडीने लॉक करता येतं. पण इथेही पिन विसरलात तर गूगलवाले येऊन उघडून देणार नाहीत, आणि फोन रीसेट केला की आतलं जातं, म्हणून नवीन फोन घेताना आधी फाइल बाहेर काढा आणि मग रीसेट मारा. मेमरी कार्डावर असलं काही ठेवू नका, फोनमधली जागा एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, कार्ड सहसा नसतं, काढून दुसऱ्या फोनात घातलं की वाचता येतं.

एकच जीमेल तीन फोनमध्ये

याला तोड नाही. बाबांना नवीन फोन घेतला, मुलाने घाईत स्वतःचंच जीमेल टाकलं, आईच्या फोनमध्ये पण तेच. आता मुलाच्या ड्राइव्हमधली ऑफर लेटर बाबांना दिसतात आणि बाबांनी काढलेला आधारचा फोटो मुलाच्या गूगल फोटोजमध्ये जातो. वर 15 जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून एकच, ती भरली की मेल यायचे बंद, आणि जागा करायला कोणीतरी "डबल दिसतायत" म्हणून फोटो डिलीट करतो ते सगळ्यांकडून जातात. प्रत्येकाला वेगळं अकाउंट काढून द्या, पाच मिनिटाचं काम आहे.

क्लाउडबद्दल एवढंच की ड्राइव्हवर फाइल एन्क्रिप्टेड असते पण किल्ली गूगलकडे असते. बहुतेक कागदांना ते चालतं, त्याहून मोठा धोका म्हणजे तुमचाच सोपा पासवर्ड, तेव्हा टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर आणखी एकदा खात्री) चालू करा. किल्ली फक्त आपल्याकडे हवी असेल तर प्रोटॉन ड्राइव्ह आहे, किंवा क्रिप्टोमेटर, जे फाइल आधी फोनवरच कुलूपबंद करतं आणि मग ड्राइव्हवर पाठवतं. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून नाही.

डिजिलॉकरमध्ये इश्यूड आणि अपलोडेड हे वेगळं असतं बरं का. लायसन्स, आरसी, आधार थेट त्या-त्या खात्याकडून आलेलं असेल तर ते कायद्याने मूळ कागदासारखं धरलं जातं, तुम्ही फोटो काढून चढवलेलं लायसन्स हा नुसता फोटो, पोलिसाने मानला नाही तर वाद घालू नका.

आत्याच्या फोनमधली चारही लाल ॲप काढली. कॅल्क्युलेटरमधल्या फाइल आधी एकेक करून बाहेर घेतल्या, मोजल्या, सेफ फोल्डरमध्ये टाकल्या, एक कॉपी तिच्या स्वतःच्या ड्राइव्हवर, पिन तिने देव्हाऱ्यातल्या पोथीत लिहून ठेवला आणि मगच ते ॲप उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा आणि आत्या ओरडतेय, "अरे माझा कॅल्क्युलेटर कुठे गेला, आता हिशोब कशावर करू?"