मालवणला स्नॉर्केलिंगसाठी प्रायव्हेट बोट करताय? आधी या चुका टाळा

मालवणच्या जेटीवर डिसेंबरातल्या कुठल्याही रविवारी साडेदहा-अकराला जाऊन उभं राहा, एकच सीन दिसतो. पुण्या-मुंबईची मंडळी रात्रभर गाडी हाकून आलेली, सकाळी आरामात उठून, घावणे-चटणी खाऊन, चहाचे दोन राउंड करून मग "चला आता बोटीचं बघू" म्हणत येतात आणि पुढचा अर्धा तास पाचशे रुपयांवरून घासाघीस चालते. शेवटी बोटवाला पाचशे सोडतो, सगळे खूश. आणि दीड तासाने तीच मंडळी परत येतात तेव्हा दोघं पिवळे पडलेले, पोरं रडतायत, आणि काका सांगतायत की स्नॉर्केलिंगला मास्क-नळी लावून पाण्यात खाली बघितलं तर काही दिसतच नाही हो, सगळं फेक आहे.

फेक काही नाही. तुम्ही पैशांवर भांडलात आणि वेळेवर नाही, एवढंच झालं.

वारा आणि तिथी न बघता बुकिंग

आपल्या किनाऱ्यावर थंडीत आणि उन्हाळ्यात रोजचा हिशोब ठरलेला असतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी सपाट असतं. ऊन चढलं की हळूहळू उलटं होतं, बारा-एकच्या सुमाराला वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि आखूड, टोचणाऱ्या लाटा सुरू होतात, मार्च-एप्रिलमध्ये तर जास्तच. म्हणून सात-साडेसातला जेटीवर आणि अकराच्या आत पाण्याबाहेर, असा प्लॅन असेल तर अर्धी लढाई जिंकली. दुपारी तीनचा स्लॉट स्वस्त मिळतो तो उगीच नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. त्यासाठी ॲप लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चारने भागा, साधारण भरतीची वेळ आली. म्हणजे अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरायचं, आणि वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं, आपल्याला गुगल लागतं.

याचा स्नॉर्केलिंगशी संबंध काय, तर अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं, तळाची वाळू-गाळ उठतो आणि ओढ पण जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी संथ, गाळ बसलेला. तारखा हातात असतील तर अष्टमीच्या आगेमागे दोन दिवस धरा आणि सकाळी लवकर निघा, कारण नंतर दुपारपर्यंत ओहोटीच आहे. सुट्टीमुळे पौर्णिमाच नशिबात आली तर मात्र उलटं, फार लवकर जाऊन उपयोग नाही, साडेनऊ ते सव्वाअकरा, म्हणजे चढत्या पाण्याचा शेवटचा भाग पकडा, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं.

देवबागला हे सगळ्यात जास्त जाणवतं. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि मग संगमाजवळ मास्क घालून बघितलं काय आणि डोळे मिटून बघितलं काय. शिवाय बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडते तेव्हा मुखावर लाटा फुटतात, छोट्या बोटीला ते अजिबात चांगलं नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला "आता भायर नको, जरा थांबूया" तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नका.

महिन्यांचं थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, ऑक्टोबरात नद्यांचं पाणी अजून निवळलेलं नसतं, मे महिन्याच्या शेवटाला समुद्र बदलायला लागतो आणि पावसाळाभर बोटी बंद. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले होते, ते विसरायला नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात "सर, अजून चालू आहे, या बिनधास्त" असं कोणी फोनवर सांगत असेल तर फोन ठेवायचा.

कॅटमरान म्हणजे हलणारच नाही, हा गैरसमज

दोन धडं शेजारी जोडलेली बोट, त्यामुळे ती एका अंगाला फारशी कलत नाही, हे खरं. पुढच्या जाळीवर पाय पसरून बसता येतं, मुलांना भारी वाटतं, आणि तळ उथळ असल्याने खडपांच्या जवळपास कमी पाण्यातसुद्धा जाते. पण दुपारच्या आखूड लाटांत ती डुलण्याऐवजी झटके देते, आणि ज्याला बोट लागते त्याला कॅटमरान पण लागते, पैसे जास्त दिलेत म्हणून पोट ऐकत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या कॅटमरान तशा मोजक्याच. बऱ्याचदा फोटो शिडाचा असतो आणि जेटीला उभी असते इंजिनवाली फायबर बोट. फायबर बोट वाईट नाही, स्नॉर्केलिंगला उलट तीच सोयीची पडते, पण तुम्ही शिडासाठी पैसे मोजणार असाल तर आज काढलेला फोटो किंवा व्हिडिओ मागा. त्यात शिड, डोलकाठी आणि पाण्यात उतरायची शिडी तिन्ही दिसल्या पाहिजेत. ही शिडी लोक विसरतात. उतरताना उडी मारून होतं, परत चढताना शिडी नसेल तर दोन माणसं बगलेत धरून तुम्हाला पोत्यासारखं वर ओढतात आणि कोपर-पोट सोलून निघतं.

शिडाची बोट असेल तर जायची दिशा पण महत्त्वाची. मालवणहून दक्षिणेला निवतीच्या बाजूला सकाळी मजेत जाता येतं, पण परतीला दुपारचा वायव्य वारा नाकासमोर येतो. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, आडवंतिडवं घेत यावं लागतं, आणि कॅटमरान याबाबतीत अजून हट्टी. म्हणजे जायला लागला त्याच्या दुप्पट वेळ, नाहीतर मग इंजिन लावून धक्के खात यायचं. म्हणून आधी विचारा की परतताना इंजिन आहे ना आणि डिझेल भरलंय ना.

"प्रायव्हेट" हा शब्द व्हॉट्सॲपवर लिहून घ्या

फोनवर प्रायव्हेट म्हणतात आणि जेटीवर गेल्यावर "दादा, एक कपल फक्त, त्यांचं पण होऊन जाईल". हा अनुभव माझ्यासकट बऱ्याच जणांना आलाय. मेसेजमध्ये साधं लिहा: पूर्ण बोट आमची, आम्ही इतके जण, निघायची आणि परतायची वेळ, पाण्यात आमच्याबरोबर किती माणसं उतरणार, मास्क किती, हवामानाने रद्द झालं तर पैशाचं काय. उत्तर नुसतं "हो" आलं तरी चालेल, पण लेखी असू दे.

आणि बोटीवर चढायच्या आधी बाजूला लिहिलेली प्रवासी क्षमता वाचा. मेरीटाईम बोर्डाच्या तपासणीनंतर ती ठरते, सजावट म्हणून लिहिलेली नसते. लाईफ जॅकेट घालून, सगळे बकल लावून, खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लहान मुलांसाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या, मोठ्यांचं जॅकेट आवळून घातलेलं पोर पाण्यात पडलं की जॅकेट वर आणि पोर खाली. मोबाईलची रेंज आत गेल्यावर जाते-येते, त्यामुळे बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटीचा वायरलेस) आहे का विचारा. कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर आधीच सेव्ह करून ठेवा.

पाण्यात उतरल्यावर काय बिघडतं

सगळ्यात जास्त तक्रार मास्कची. आत पाणी येतंय म्हणून लोक पट्टा आवळत जातात, आणि जितका आवळाल तितकी रबराची कड दुमडून पाणी जास्त येतं. आधी केस बघा, कपाळावरची एक बट कडेखाली अडकली तरी पुरे. पट्टा कानावर नको, डोक्याच्या मागे थोडा वर हवा. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढा, मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा मागा. मिशीवाल्यांना मात्र नाकाखालून थोडं पाणी येणारच. त्यावर उपाय मिशी कापायचा किंवा पाणी काढायला शिकायचा: मास्कची वरची कड बोटांनी दाबून धरायची, मान जरा वर करायची आणि नाकाने जोरात फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. हे कमरेएवढ्या पाण्यात चार वेळा करून बघा म्हणजे खोल पाण्यात घाबरायला होत नाही.

काचेवर वाफ धरते त्याला थुंकीच बेस्ट. कोरड्या काचेवर आतून थुंकी चोळायची, समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळायचं, संपलं. किळस येत असेल तर बेबी शॅम्पूचा थेंब. नवा मास्क विकत घेतला असेल तर काचेवर फॅक्टरीतला थर असतो, तो घरीच साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढावा लागतो, नाहीतर कितीही थुंका, वाफ धरतेच.

नळीत पाणी शिरलं की डोकं वर काढून नळी काढायची गरज नाही, "तू" म्हणतो तसा एक जोरदार फुंकर मारा. श्वास हळू आणि लांब. धापा टाकत असाल तर थांबा, पाठीवर उलटे व्हा, जॅकेट तुम्हाला धरतंय, हात वर करा. ऑनलाईन मिळणारे पूर्ण चेहऱ्याचे मास्क मला पसंत नाहीत, घाबरल्यावर ते एका झटक्यात तोंडावरून काढता येत नाहीत आणि स्वस्तातल्या मास्कमध्ये सोडलेली हवाच परत आत घेतली जाते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर हे डॉक्टरांशी बोलूनच, आणि बोटीवर बिअर तर नकोच, परतल्यावर काय ती.

पोटाचं बोलायचं तर उपाशीपोटी निघणं आणि तुडुंब खाऊन निघणं दोन्ही वाईट. पेज, केळं, एखादी आंबोळी एवढं पुरे, सोलकढी आणि सुरमई दुपारी पळून जात नाहीत. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन ती बहुतेकदा गोळीसकट बाहेर येते. बोटीवर मोबाईलमध्ये डोकं खुपसू नका, क्षितिजाकडे बघत मागच्या बाजूला मध्यभागी बसा.

ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांच्या मागे लागतं, तोंडाला क्रीम फासून काही होत नाही. पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, क्रीम कमी लागेल आणि पाण्यातही कमी जाईल. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत 2021 पासून बंदी आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून.

खाली उभं राहू नका

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी मालवण सागरी अभयारण्यात येतं, 1987 सालचं. तिथले खडक म्हणजे नुसते दगड नाहीत, त्यावर प्रवाळ आहे, आणि वन्यजीव कायद्याप्रमाणे प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा. दमलात की पाय टेकवायचा मोह होतो, पण त्याच खडकांवर कालवं असतात, त्यांची कड ब्लेडसारखी. पाय कापला तर गोड्या पाण्याने नीट धुवा, आत कपची राहिली नाही ना बघा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा.

फोटोसाठी ब्रेड-बिस्किटं टाकून मासे गोळा करण्याची पद्धत पण बंद व्हायला हवी असं माझं मत. गाईडला आधीच सांगा की आम्हाला नको, तो ऐकतो, बिचारा गिऱ्हाईकाला आवडतं म्हणून करतो. नांगर वाळूत टाकायला सांगा. डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करायला सांगा, पाठलाग केला की ते खाली जातात आणि तुमचा व्हिडिओ पाण्याचाच येतो.

अपेक्षांचं पण एक आहे. जाहिरातीत निळंशार पाणी दिसतं ते बहुतेक वेळा अंदमानचं असतं, किंवा आंग्रिया बँकचं (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार), आणि आंग्रिया बँक किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येण्याइतकी जवळ नाही. मालवणचं पाणी हिरवट असतं, चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, पट्टेवाले छोटे मासे, पोपटमासे, समुद्रफुलं दिसतात.

शेवटचं, परतीच्या विमानाचं. नुसतं स्नॉर्केलिंग केलं तर त्याच दिवशी चिपी किंवा मोपा विमानतळावरून उडायला हरकत नाही. पण बोटीवर "सर, आलाच आहात तर स्कूबा पण करा" म्हणून गळ घालतात आणि लोक करतात, तेव्हा संध्याकाळचं तिकीट कुणाला आठवत नाही. एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त केल्या तर 18 तास विमानात बसायचं नाही. म्हणून स्कूबा करायचीच असेल तर ती पहिल्या दिवशी ठेवा आणि किल्ला, बाजार, काजू-कोकमाची खरेदी शेवटच्या दिवशी.