कॉट्सवोल्ड्सला गाडीने निघण्याआधी

कॉट्सवोल्ड्स म्हणजे इंग्लंडमधला टेकड्यांचा आणि जुन्या गावांचा पट्टा. तिथे भाड्याच्या गाडीने फिरायचं तर सगळ्यात आधी माणसं मोजा, मग बॅगा. चौघे मित्र आहोत, पाच सीटची गाडी पुरेल, हा हिशेब माणसांपुरता बरोबर असतो. विमानातून आलेल्या चार मोठ्या बॅगा तिच्या डिकीत मावत नाहीत. विमानतळावर गाडी ताब्यात घेतल्यावर मांडीवर बॅग धरून दोन तास बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. तेव्हा एक तर लांब डिकीची इस्टेट गाडी मागा, नाहीतर माणशी एक केबिन बॅग आणि एक मऊ पिशवी असा नियम ग्रुपवर आजच टाका. भांडण व्हायचंच असेल तर ते घरी झालेलं बरं.

गाडी कोण चालवणार हेही आत्ताच ठरवा. एकाचं नाव पुरत नाही, दोघांची घाला. संध्याकाळी पबमध्ये बसल्यावर याचं महत्त्व कळतं. चालवणाऱ्याने त्या दिवशी बिअरला हात लावायचा नाही, यावर चर्चा नको. आपला भारतीय परवाना पाहुण्याला तिथे १२ महिने चालतो. तरी गाडी देणाऱ्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. तो आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो, म्हणून निघायच्या महिनाभर आधी अर्ज करून मोकळे व्हा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. त्यावर अनामत अडकून राहते, तेव्हा मर्यादा तपासा. मित्राचं कार्ड पुढे केलंत तर काउंटरवरूनच परत फिराल. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं लिहा, कारण गिअरची गाडी तिथे अजून सर्रास देतात. विम्यातला ‘एक्सेस’, म्हणजे नुकसान झाल्यास पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार, तो आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. टायर, काच आणि आरसे त्यात येतात का, हे मुद्दाम विचारा. कॉट्सवोल्ड्सच्या गल्ल्यांत मार बसतो तो नेमका डाव्या आरशाला आणि डाव्या टायरला. गाडी हातात येताच चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

लंडनच्या मध्यातून गाडी घेऊच नका. कन्जेशन चार्ज (शहराच्या मध्यात गाडी चालवण्याचा आकार), रहदारी आणि पार्किंग यांतच पहिला दिवस संपतो. हीथ्रो विमानतळावरून घ्या आणि एम४० महामार्ग धरून कॉट्सवोल्ड्सातल्या बर्फर्ड गावाकडे निघा, साधारण दीड तास लागतो. ऑक्सफर्ड बघायचं असेल तर गावाबाहेरच्या ‘पार्क अँड राइड’मध्ये गाडी सोडून बसने आत जा. शहरातल्या काही रस्त्यांवर फक्त बसला परवानगी आहे, तिथे कॅमेरे आहेत, आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही भारतात परतल्यावर, गाडी देणाऱ्या कंपनीचं कागदपत्रांचं शुल्क जोडून येते.

गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, म्हणून आपण निर्धास्त असतो. गडबड होते ती राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात. आपल्याकडे चौकात आधी नाक घालेल त्याचा हक्क. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा. थांबायचं, जागा मिळाली की निघायचं. जमिनीवर नुसता पांढरा ठिपका रंगवलेला असला तरी तो राउंडअबाउटच. स्विंडनला १९७२ साली केलेला ‘मॅजिक राउंडअबाउट’ आहे, मधल्या वर्तुळाभोवती आणखी पाच छोटी वर्तुळं. हौस असेल तर जा, पण पहिल्या दिवशी नको. वेगाच्या पाट्या मैलांत असतात: ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, ७० म्हणजे ११३. बऱ्याच गावांत आता २० आहे. अरुंद रस्त्याला ६० ची मर्यादा असली म्हणजे ६० ने जावं असं नव्हे. दोन्ही बाजूंना डोक्याइतकं कुंपण आणि पुढच्या वळणावर ट्रॅक्टर असतो. एकाच गाडीपुरत्या अरुंद गल्लीत समोरून गाडी आली तर ज्याच्या मागे थांबायची जागा जवळ, त्याने मागे घ्यायचं. म्हणून रिव्हर्सचा सराव पुण्यातच, एखाद्या रिकाम्या मैदानात करून जा. वाट दिली की हात वर करून आभार मानायचे. हॉर्न विसरा. घोडेस्वार दिसला तर ताशी १० मैलांच्या आत, किमान २ मीटर अंतर सोडून पुढे जा. पेट्रोल आपणच भरायचं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून मगच हात घाला.

आता मुख्य मुद्दा, वेळापत्रक. येणाऱ्या मित्रांच्या यादीत दिवसाला सहा गावं असतात. मी त्यांतली चार खोडतो. अंतरं फसवी आहेत: स्टो-ऑन-द-वोल्डपासून बोर्टन-ऑन-द-वॉटर चारेक मैल, पण उन्हाळ्यातल्या दुपारी बोर्टनमध्ये गाडी लावायला त्याहून जास्त वेळ जातो. बायबरी सकाळी नऊच्या आत उरका. तिथली आर्लिंग्टन रो म्हणजे १४व्या शतकातलं लोकरीचं कोठार, १७व्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. त्यांत आजही माणसं राहतात, म्हणून खिडकीला नाक लावू नका. बोर्टन संध्याकाळी सहानंतर गाठा. बसगाड्या गेलेल्या असतात, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि विंडरश नदीवरचे ठेंगणे पूल तुमचेच. तिथून लोअर स्लॉटर चालतच जा. नावात कत्तल ऐकू येते, पण मूळ शब्दाचा अर्थ दलदल. मोर्टन-इन-मार्शला मंगळवारी बाजार भरतो; बाजार हवा असेल तर मंगळवारीच जा, पार्किंग हवं असेल तर मंगळवार सोडून.

एक दुपार मात्र आपल्या इतिहासाशी नातं असलेल्या दोन जागांसाठी राखून ठेवा. मोर्टनजवळ सीझिनकोट नावाचा वाडा आहे. कॉट्सवोल्ड्सच्या हिरवळीत मुघली घुमट, तोही तांब्याचा, हिरवट पडलेला. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने तो १९व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. ठराविक दिवशीच उघडतो, वार बघून जा. आणि स्टोच्या पूर्वेला डेल्सफर्डच्या छोट्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कलकत्त्याहून सूत्रं हलवणारा, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ चा सालबाईचा तह करावा लागलेला हाच तो गव्हर्नर जनरल. पूर्वजांची हातातून गेलेली इस्टेट त्याने १७८८ मध्ये परत विकत घेतली, महाभियोगातून १७९५ मध्ये सुटला आणि १८१८ मध्ये इथेच वारला. पेशवाई बुडाली तेच साल. आमच्यातला एक जण तिथे बराच वेळ गप्प उभा होता, मग म्हणाला, “गाव मात्र छान निवडलंन.”

फोनवर विसंबू नका. ओढ्याकाठच्या गावांत रेंज जाते. नकाशे आधी उतरवून घ्या. मुक्कामाचा नुसता पोस्टकोड पुरत नाही, एका पोस्टकोडात अख्खी वाडी येते आणि घरांना नंबरऐवजी नावं असतात. मालकाकडून खुणा विचारून कागदावर लिहून घ्या. मुक्काम एकाच ठिकाणी करा, रोज बॅगा उचलू नका. चौघांना स्वयंपाकघरासकट छोटं कॉटेज हॉटेलपेक्षा सोयीचं पडतं, फक्त गाडी लावायला जागा आहे ना ते विचारा.

कारण पोटाचा प्रश्न गंभीर आहे. बऱ्याच पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं ते सहापर्यंत. तीन वाजता पोचलात तर वेफर्स मिळतील. चिवडा, चकली, तयार उपम्याची पाकिटं न्या. पेढे, खव्याची बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, जुलैतसुद्धा एक स्वेटर, आणि शेतातल्या पायवाटांसाठी चिखलात गेले तरी चालतील असे बूट. फाटक उघडलंत तर लावूनच पुढे जा, आणि वासरू बरोबर असलेल्या गाईच्या वाटेला जाऊ नका. पार्किंगच्या मशीनसाठी थोडी नाणी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा. गाडी परत करताना टाकी भरून द्यायची असते. पावती फेकू नका, आणि मागच्या सीटखालचा चिवडा तेवढा झाडून घ्या.