पाच चौकोन, साडेपाच इलेक्ट्रॉन

अकरावीच्या रसायनशास्त्रात हुंडचा नियम शिकताना चौकोनांत बाण काढलेले आठवतात? आधी प्रत्येक चौकोनात एकेक, सगळे एकाच दिशेला, मग जोड्या. लोहाधारित अतिसंवाहकांवर (पुरेसं थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांवर) पीएचडी करायला आलेल्यांना मी पहिल्या दिवशी तेच पुन्हा काढायला लावते. लोहाचे पाच डी-चौकोन (चौकोन म्हणजे ऑर्बिटल, इलेक्ट्रॉनची जागा), सहा इलेक्ट्रॉन.

मला हे उशिरा सुचलं. 2008 मध्ये जपानच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह-आर्सेनिकच्या संयुगात 26 केल्विनला अतिसंवाहकता दाखवली आणि काही महिन्यांत समेरियमच्या संयुगाने 55 गाठले. मी त्याच भरात या विषयात आले, पण वाचलं सगळं तांब्याच्या ऑक्साइडांबद्दल. एकाच ऑर्बिटलच्या हबर्ड मॉडेलमध्ये (इलेक्ट्रॉनांच्या उड्या आणि त्यांचं एकमेकांना ढकलणं यांच्या गणितात) माझं अख्खं वर्ष गेलं. तांब्याची मूळ संयुगं विद्युतरोधक, लोहाची मात्र धातू. इथे इलेक्ट्रॉनला जड, म्हणजे हलायला सुस्त, करण्यात मोठा हात हुंडच्या ऊर्जेचा (बाण एका दिशेला ठेवल्याने वाचणाऱ्या ऊर्जेचा) असतो, आणि ती दिसायला पाचही चौकोन समोर लागतात.

माझी खात्री पटली ती पोटॅशियमच्या संयुगाने. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये बेरियम दोन इलेक्ट्रॉन देतं, त्याच्या जागी पोटॅशियम आलं की एकच. सूत्रात लोहाचे अणू दोन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहाऐवजी साडेपाच. पाचाच्या जितकं जवळ जाल तितके बाण एका दिशेला, आणि शेजारच्या अणूवर उडी मारायची तर हा मेळ मोडावा लागतो. इलेक्ट्रॉन जड होतात, आणि जितके जड तितका विशिष्ट उष्म्यातला त्यांचा वाटा मोठा. विशिष्ट उष्म्यातला इलेक्ट्रॉनांचा वाटा साध्या गणिताने मोलमागे दहाएक मिलिज्यूल प्रति केल्विन वर्ग येतो, मोजला की 100 च्या आसपास भरतो. उलट कोबाल्ट घालून इलेक्ट्रॉन वाढवले, की ते हलके होत जातात. अतिसंवाहकता कशाने होते हे शिकण्याआधी हा उतार स्वतः आलेखावर काढून बघा.

स्फटिक जपा. पोटॅशियमवाल्या स्फटिकांचं माझं पहिलं ताट चहाला जाताना ग्लोव्ह बॉक्सबाहेर (हवा न लागू देणाऱ्या बंद पेटीबाहेर) राहिलं. परत आले तेव्हा आरशासारखे पापुद्रे राखाडी पडले होते. तीन आठवड्यांची भट्टी वाया. मी रडले होते त्या दिवशी. आर्सेनिकला तर उघड्यावर हातच लावायचा नाही. नवख्याने लोह-सेलेनाइडपासून सुरुवात करावी: ते 8-9 केल्विनला अतिसंवाहक होतं, रचना साधी, आणि 90 केल्विनच्या खाली चुंबकीय क्रम न येताच जाळीची चौकोनी सममिती मोडते, ते बघायला मिळतं.

मग आर्पेस: प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांचे ऊर्जेचे पट्टे मोजायची पद्धत. गणितातले पट्टे मोजलेल्या पट्ट्यांवर बसवायला दाबावे लागतात, साधारण दोन-तीन पट; जितकं जास्त दाबावं लागेल तितका इलेक्ट्रॉन जड. पण प्रकाशाचं ध्रुवण बदलून ऑर्बिटल ओळखा आणि प्रत्येकाचा आकडा वहीत वेगळा लिहा. सगळ्यांना एकच लावलात तर डी-एक्सवायचा (पाच चौकोनांपैकी एकाचा) पट्टा हमखास चुकतो. सगळ्यात जड तोच असतो.