घरात साप निघाला, तर सर्पमित्र येईपर्यंत काय करायचं

मी साप पकडत नाही. शिकले नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पण ठाण्यात, उपवनच्या पुढे येऊरच्या पायथ्याशी, तळमजल्यावर वीस वर्षं राहते आहे. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत कुणाच्याही घरी साप निघाला की पहिला फोन मला येतो, आणि सर्पमित्र पोचेपर्यंत सापावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे असतं. ते काम कसं करायचं तेवढंच सांगते. घरच्या घरी साप कसा धरावा हे शिकवणारं कुणी भेटलं, तर त्याचं ऐकू नका.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत इमारती डोंगराला टेकल्या आहेत, तिकडे खारघरला आणि बेलापूरला पारसिकच्या उताराशीही तीच गत. जूनमध्ये बिळांत पाणी शिरतं, बेडूक आणि उंदीर घरांच्या आसऱ्याला येतात आणि त्यांच्या मागे साप. माझ्या सासूबाई रात्री सापाचं नाव घेत नसत, ‘लांबडं’ म्हणत. पण घाबरून ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि या कामात निम्मं यश त्यातच आहे.

१. माणसं बाहेर काढा

लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्रं-मांजर त्या खोलीबाहेर. पायात बूट किंवा चपला. बस.

२. फोन करा

वनविभागाची हेल्पलाइन १९२६. त्याशिवाय आपल्या भागातल्या दोन सर्पमित्रांचे नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि वॉचमनच्या केबिनमध्येही लावा. एक नंबर पुरत नाही, पावसाळ्यात तो माणूस दुसऱ्या कॉलवर असतो. जमलं तर लांबून, झूम करून एकच फोटो काढून पाठवा. व्हिडिओ नको.

३. सापावरची नजर काढू नका

सगळे चुकतात ते इथेच. मीही चुकले होते.

इथे राहायला आलो तो पहिलाच पावसाळा. रात्री साडेदहाच्या सुमाराला बाथरूमच्या दारातून हॉलमध्ये एक साप आला, काळपट, अंगावर पांढरे पट्टे. मी डायरीतला नंबर शोधायला आत धावले. फार तर एक मिनिट लागलं असेल. परत आले तर हॉल रिकामा. सर्पमित्र आला, दोन तास शोधलं, सापडला नाही. आम्ही पाच जण तीन रात्री चरईत दिरांकडे झोपायला गेलो. चौथ्या दिवशी सोफा उलटा केला, तेव्हा खालच्या फाटक्या कापडाच्या आत तो वेटोळं करून बसलेला निघाला. कवड्या होता, बिनविषारी. तशीच पट्टेवाली, पण विषारी मण्यार असती आणि आम्ही दुसऱ्याच रात्री कंटाळून त्या सोफ्यावर बसलो असतो, तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

म्हणून नियम असा: एकाने बघायचं, दुसऱ्याने फोन करायचा. बघणाऱ्याने बाकी काहीही करायचं नाही. घरात एकट्या असाल तर मोबाइल डोळ्यांसमोर धरून, सापाकडे बघतच फोन लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असेल तर उभ्या आहात तिथूनच शेजाऱ्यांना हाक मारा, पण जागा सोडू नका.

उभं राहायचं ते खोलीच्या दारात, सापापासून निदान आठ फुटांवर. सापाला बाहेर जायची वाट असेल तर ती अडवून उभं राहू नका. अंगणाकडचं किंवा गॅलरीचं दार उघडं असेल आणि तो तिकडे वळला, तर जाऊ द्या. पलंगावर, खुर्चीवर चढू नका. तोल गेला तर सापाच्या अंगावर पडाल. खोलीतला दिवा चालू ठेवा, पंखा बंद करा, म्हणजे पडदे हलणार नाहीत. पाय आपटू नका. सापाला जमिनीतली धडधड चांगली कळते, आणि धडधड झाली की तो जवळच्या फटीत शिरतो. फ्रिजखाली तो रागाने जात नाही, लपायला जातो. आपण स्वस्थ उभे राहिलो तर पुष्कळदा तो भिंतीच्या कडेला तसाच पडून राहतो. पाऊण पाऊण तास एका जागी पडलेले साप मी पाहिले आहेत.

बाकीच्या खोल्यांची दारं लोटून घ्या आणि दाराखालच्या फटीत गुंडाळलेली चादर घट्ट बसवा. हे दुसऱ्या माणसाने करायचं, बघणाऱ्याने नाही.

आता गर्दीबद्दल. साप निघाला ही बातमी दोन मिनिटांत सगळ्या मजल्यांवर पोचते. कुणी काठी आणतं, कुणी उकळतं पाणी, कुणी फिनेल. या तिन्ही गोष्टींना दारातच अडवा, वाईटपणा आला तरी चालेल. काठीचा अर्धवट घाव बसलेला साप उलटून चावतो किंवा इतका आत जाऊन बसतो की ओटा फोडावा लागतो. फिनेल, रॉकेल, लसूण, कार्बोलिक ॲसिड यांनी साप पळत नाही; त्याच्या अंगाची आग होते आणि तो मिळेल त्या फटीत घुसतो. आमच्याच एका शेजाऱ्यांनी फ्रिजमागे बाटलीभर फिनेल ओतलं, साप स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांमागे गेला, आणि रात्री दीड वाजेपर्यंत त्या ट्रॉल्या एकेक करून उतरवाव्या लागल्या. सापावर बादली उपडी घालायचा सल्लाही ठामपणे दिला जातो. बादली घालायला हात त्याच्या टप्प्यात न्यावा लागतो, मग तो सल्ला कशाला घ्यायचा? शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणं हा गुन्हा आहे, हे मी गर्दीला मोठ्याने सांगते. कायद्याचं नाव काढलं की काठ्या खाली येतात.

आणि साप कुठला हे ओळखायच्या भानगडीत पडू नका. मण्यारचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, डोक्यामागे बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. हे मला पाठ आहे, तरी रात्री ट्यूबलाइटखाली, छाती धडधडत असताना मी खात्रीने सांगू शकत नाही. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून जवळ जाणारे तर दर वर्षी भेटतात. चकतीसारखं वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढत असेल, तर ती घोणस आहे. आपल्यापुरता प्रत्येक साप विषारी धरायचा.

४. दिसेनासा झालाच, तर

फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट काहीही सरकवू नका. शेवटचा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवा, खोली बंद करा. बंद करण्याआधी उंबऱ्यापाशी हातभर रुंद पट्ट्यात तांदळाचं पीठ किंवा रांगोळी चाळणीने पातळ पसरा. साप त्यावरून गेला की माग उठतो. सर्पमित्राने शोधूनही मिळाला नाही, तर तेच पीठ रात्रभर राहू द्या, सकाळी कळतं. पिठावर काही उठलं नसेल तर साप आतच आहे असं समजा.

५. सर्पमित्र आल्यावर

वनविभागाचं ओळखपत्र बघा. साप पकडून झाल्यावर त्याचा मुका घेणारा, मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढू देणारा माणूस असेल, तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका. साप पिशवीत किंवा बरणीत गेला की काम संपलं. पेट्रोलचे पैसे द्या, चहा द्या.

चावलाच, तर

फोनाफोनी नंतर, आधी १०८. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही नको. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच चालतं. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातच जा आणि निघतानाच तिथे प्रतिविष आहे का हे फोनवर विचारून घ्या. मण्यारचं मात्र वेगळं: ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, बरेचदा खूणही दिसत नाही. पावसाळ्यात कुणी पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर पित्त म्हणून वाट बघू नका, लगेच न्या. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

साप गेल्यावर

त्याची जोडीदारीण सूड घ्यायला येईल असं कुणीतरी सांगेलच. येत नाही. पण जून-जुलैत नागाचं किंवा घोणशीचं वीतभर पिल्लू निघालं असेल, तर आसपास आणखी असू शकतात. सर्पमित्राला जाण्याआधी कुंड्या, मीटरची खोली आणि गॅलरीतली अडगळ बघायला लावा.

मग तो आला कुठून ते शोधा. बाथरूमची तुटलेली जाळी, एसीच्या पाइपभोवतीचं भोक, दाराखालची फट, खिडकीला टेकलेली फांदी. बोट जाईल एवढी फट पुरते. कवड्या पालींच्या मागे पाइपवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, त्यामुळे वरच्यांनीही हे करायचं. नवी जाळी बसेपर्यंत मोरीच्या भोकावर फरशीचा तुकडा आणि त्यावर भरलेली बादली ठेवा.