भीतीचं स्वप्न पडून जाग आली तर: रात्री काय करायचं, झोपायच्या आधी काय करायचं

रात्री तीनला छाती धडधडत जाग आली की किताब उघडून बसायचं त्राण कुणात नसतं. म्हणून इस्लामच्या शिकवणीप्रमाणे त्या वेळी काय करायचं ते आधी सांगतो. झोपायच्या आधीची तयारी नंतर.

जाग आल्यावर मान डाव्या खांद्याकडे वळवा आणि तीन वेळा थुथू करा. ही खरी थुंकी नव्हे. फुंकर आणि थुंकी यांच्या मधलं काहीतरी: हवा जोराची, ओलावा नावापुरता. उशी ओली झाली तर जास्त झालं असं समजा. डाव्या बाजूला नवरा, बायको किंवा मूल झोपलेलं असेल तर तोंड स्वतःच्या खांद्याकडे खाली वळवून करा, शेजारच्याला कळणारही नाही. मग तीन वेळा म्हणा: ‘अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम’, म्हणजे धुत्कारलेल्या शैतानापासून मी अल्लाहची पनाह (आसरा) मागतो. पाहिलेल्या स्वप्नाच्या वाईटापासूनही पनाह मागायची आहे. त्याचे अरबी शब्द पाठ नसतील तर मराठीत मनातल्या मनात मागा. त्यानंतर कूस बदला. उजव्या कुशीवर असाल तर डाव्या, डाव्या कुशीवर असाल तर उजव्या. ‘उजवी कूस सुन्नत (प्रेषितांची रीत) आहे, मग डावीवर कसं वळू?’ असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उजवी कूस झोपायला सुरुवात करतानाची आहे. इथे हुकूम आहे तो आपण ज्या कुशीवर होतो ती बदलण्याचा.

एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. भीती जात नसेल तर उठा, वजू करा (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात तसं), दोन रकात (नमाजाच्या फेऱ्या) नफ्ल, म्हणजे ऐच्छिक नमाज, पढा. फक्त आधी घड्याळ बघा. हनफी मसलकात (परंपरेत) फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ लागल्यावर फज्रच्या दोन सुन्नत रकातींखेरीज नफ्ल पढत नाहीत. पुण्यात जूनमध्ये फज्र पावणेपाचच्या आतच लागते, डिसेंबरअखेरीला पावणेसहाच्या सुमाराला. वेळ लागलेलीच असेल तर थेट सुन्नत आणि फर्ज (बंधनकारक) नमाज पढा, त्यातच सगळं आलं.

हे सगळं एकाच हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या एकाच नोंदीत, आलेलं नाही. थुथू करणं आणि पनाह मागणं प्रेषितांचे साथीदार हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीत (कथनात) आहे, कूस बदलणं हजरत जाबिर (रजि.) यांच्या आणि उठून नमाज पढणं हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहावर शरह (भाष्य) लिहिणारे इमाम नववी म्हणतात की सगळं एकत्र करावं, पण यातलं थोडंच केलं तरी अल्लाहच्या हुकमाने नुकसान टळतं. म्हणून झोपेच्या गुंगीत कूस बदलायची राहिली, तर सकाळी त्याची टोचणी लावून घेऊ नका.

शेवटची गोष्ट करायची नसून न करायची आहे, आणि नेमकी तीच लोकांना जमत नाही. हे स्वप्न कुणालाही सांगायचं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, फॅमिली ग्रुपवर तर नाहीच. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक माणूस आला आणि म्हणाला, स्वप्नात माझं डोकं उडवलं, ते गडगडत गेलं आणि मी त्याच्यामागे धावत सुटलो. प्रेषितांनी त्याचा अर्थ लावला नाही. झोपेत शैतान तुमच्याशी खेळला तर ते लोकांना सांगत बसू नका, एवढंच सांगितलं. दुसऱ्या एका हदीसप्रमाणे ताबीर होईपर्यंत, म्हणजे अर्थ लावला जाईपर्यंत, स्वप्न पाखराच्या पायावर असतं आणि ताबीर केली की खाली पडतं. भीतीच्या स्वप्नाचा अर्थ विचारायला जाणं म्हणजे ते आपल्याच अंगावर पाडून घेणं.

आपल्याकडे होतं नेमकं उलटं. दात पडल्याचं स्वप्न पडलं की घरात कुणीतरी जाणार, साप दिसला की दुश्मन उठणार, ही भाषा पुण्यातल्या सगळ्या पेठांत सारखीच, घर हिंदूचं असो की मुसलमानाचं. मग कुणीतरी ख्वाबनामा, म्हणजे स्वप्नांचे अर्थ सांगणारी पुस्तिका, काढतं. अशा स्वस्त पुस्तिकांवर बहुधा बसऱ्याचे विद्वान इब्न सीरीन यांचं नाव असतं. ते हिजरी 110 मध्ये गेले, आणि त्यांच्या नावावर चालणारी ताबीरची किताब त्यांनी लिहिलेली नाही असंच जाणकारांचं मत आहे. पुस्तिका बाजूला ठेवा.

हदीसमध्ये स्वप्नं तीन प्रकारची सांगितली आहेत: अल्लाहकडून येणारी खूशखबर, शैतानाकडून येणारी घाबरवणी, आणि माणसाचं मन दिवसभर जे घोळवतं ते. तिसरा प्रकार विसरू नका. दहावीच्या निकालाआधी पेपर कोरा दिसणं, हप्ता थकल्यावर घराबाहेर काढल्याचं दिसणं, यात शैतानाला फारसं काम नसतं. कुरआनच्या सूरह (अध्याय) यूसुफमध्ये बादशाहाच्या स्वप्नाबद्दल त्याच्या दरबाऱ्यांनी ‘अजगासु अहलाम’, म्हणजे गुंतवळ झालेली स्वप्नं, असा शब्द वापरला आहे. बादशाहाच्या बाबतीत ते चुकले, पण आपल्या बहुतेक स्वप्नांना तो शब्द चपखल बसतो. इस्तिखारा (निर्णयासाठी अल्लाहकडे मार्गदर्शन मागणं) केल्यावर स्वप्न पडलंच पाहिजे, ही समजूतही इथेच सोडून द्या. इस्तिखारा दोन रकात आणि दुआ एवढाच आहे. त्यात स्वप्नाची अट नाही, आणि त्या रात्री पडलेलं भीतीचं स्वप्न म्हणजे अल्लाहचा नकार नव्हे.

झोपायच्या आधी

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. प्रेषितांना इशाच्या (रात्रीच्या नमाजाच्या) आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे. जूनमध्ये पुण्यात इशा साडेआठनंतर लागते, मशिदीतली जमात (सामूहिक नमाज) त्याहून उशिरा. नमाज होऊन जेवण, मग मोबाइल, असं करत दीड वाजतो. रमजानमध्ये पुण्याच्या मोमिनपुऱ्यात रात्री उशिरापर्यंत भरपेट खाऊन लगेच आडवं व्हायचं आणि सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) पुन्हा उठायचं. तुटलेली झोप आणि भरलेलं पोट यांत स्वप्नं जास्त पडतात, जास्त आठवतात आणि जास्त भीतीची वाटतात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

मग घर आवरा. हदीसमध्ये बिस्मिल्लाह म्हणून दार लावायला, भांडी झाकायला आणि दिवा विझवायला सांगितलं आहे. दिव्याचं कारणही दिलं आहे: उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटतं. आज वात नाही, पण पडद्याजवळची डासांची कॉइल, उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन आणि चालू राहिलेला गॅस आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कठडा नसलेल्या गच्चीवर झोपायला हदीसमध्ये मनाई आहे. खरकट्या, चिकट हातांनी झोपू नये हेही सांगितलेलं आहे. बिर्याणीनंतर हात साबणाने धुणं हाही हिफाजतीचाच भाग.

आता वजू. थंडीत गीझरचं कोमट पाणी चालतं. अंथरुणावर पडण्याआधी ते कपड्याच्या आतल्या काठाने तीन वेळा झटका. आपल्यामागे त्यावर काय येऊन बसलं ते आपल्याला माहीत नसतं, हे कारण हदीसमध्येच दिलं आहे आणि किडा-मुंगीच्या दृष्टीनेही ते खरं आहे. उजव्या कुशीवर पडा. पालथं झोपणं नापसंत आहे.

पढायचं काय? यादी लांब केली की तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं, म्हणून एवढंच पक्कं करा.

आयतुल कुर्सी (कुरआनच्या सूरह बकरामधली 255वी आयत, म्हणजे वचन) एकदा. रमजानच्या जकातीच्या (दानाच्या) धान्यावर पहारा देणाऱ्या हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना ही गोष्ट एका चोराने सांगितली. तीन रात्री तो हाती लागला, आणि तिसऱ्या रात्री सुटकेच्या बदल्यात म्हणाला की ही पढून झोपलास तर सकाळपर्यंत अल्लाहकडून राखणदार राहील आणि शैतान जवळ येणार नाही. प्रेषित म्हणाले, आहे तो खोटारडा, पण हे खरं बोलला. तो शैतानच होता.

नंतर बकराच्या शेवटच्या दोन आयती (285 आणि 286). रात्री ज्याने त्या पढल्या त्याला त्या पुरेशा आहेत, असं हदीस आहे.

मग दोन्ही तळवे ओंजळीसारखे जोडा, इखलास, फलक आणि नास या तीन सूरह पढून त्यांत फुंकर मारा, आणि डोकं, चेहरा, मग पुढचं अंग, हात पोहोचेल तिथपर्यंत फिरवा. असं तीन वेळा. पुष्कळजण नऊ सूरह सलग पढून शेवटी एकदाच हात फिरवतात. प्रत्येक फेरीला पढणं, फुंकणं आणि हात फिरवणं, असा क्रम प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितला आहे. चार कुल, म्हणजे ‘कुल’ शब्दाने सुरू होणाऱ्या या तीन सूरह आणि चौथी काफिरून, पढणारी घरंही आहेत. काफिरून झोपण्याआधी पढायची शिकवण वेगळ्या हदीसमध्ये आहे, ती आधी पढून घ्या.

शेवटी 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. चक्की ओढून हात सोललेल्या प्रेषितांच्या कन्या हजरत फातिमा (रजि.) यांनी कामाला माणूस मागितला, तेव्हा प्रेषितांनी त्यांना हे दिलं. आणि डोळे मिटताना ‘बिस्मिका अल्लाहुम्म अमूतु व अहया’. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

मासिक पाळीत दुआ आणि जिक्र (अल्लाहचं स्मरण) पूर्ण चालू राहतं. हनफी उलेमा (धर्मपंडित) आयतुल कुर्सी आणि कुल तिलावतीच्या (कुरआन पठणाच्या) नव्हे तर दुआच्या नियतीने पढायला परवानगी देतात. म्हणून त्या आठ दिवसांत बायकांनी असुरक्षित वाटून घ्यायचं कारण नाही.

मोबाइलवर रात्रभर सूरह बकरा लावून झोपण्याची एक नवी सवय पडली आहे. ऐकायला हरकत नाही, पण वरच्या हदीसांत पढणारा स्वतः पढतो. शिवाय अडीच वाजता मध्येच कसलीतरी जाहिरात किंचाळली, की ज्यासाठी लावलं तेच होतं.

तरीही थांबत नसेल तर

झोपेत दचकणाऱ्यासाठी वेगळी दुआ आहे: ‘अऊजु बिकलिमातिल्लाहित्ताम्माति मिन गजबिहि व इकाबिहि व शर्रि इबादिहि, व मिन हमजातिश्शयातीनि व अंय्यहजुरून.’ अर्थ असा: अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांची पनाह, त्याच्या गजबपासून (कोपापासून), त्याच्या शिक्षेपासून, त्याच्या बंद्यांच्या वाईटापासून, शैतानांच्या डिवचण्यापासून आणि ते माझ्याजवळ येण्यापासून. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) ही दुआ मोठ्या मुलांना शिकवत आणि लहानग्यांच्या गळ्यात लिहून घालत, अशी रिवायत आहे. तावीजचा (ताईताचा) वाद याच, लिहून गळ्यात घालण्याच्या भागावर आहे. अहले हदीस पंथाचे लोक तावीज मानत नाहीत. देवबंदी आणि बरेलवी या पंथांचे उलेमा अटींवर मानतात: मजकूर कुरआनचा किंवा अर्थ कळेल असा हवा, आणि भरोसा तावीजवर नव्हे, अल्लाहवर हवा. आकडे, चौकटी आणि न वाचता येणारी नावं असलेला कागद या अटींत कसा बसेल ते देणाऱ्यालाच विचारा.

पैसे मागणारा, आईचं नाव विचारून ‘कुणीतरी केलंय’ सांगणारा, नातेवाइकाकडे बोट दाखवणारा आमिल (तावीज-झाडफूक करणारा) दिसला की तिथून उठा. जिन उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी हा कायदा आला, आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

जाग आहे, डोळे उघडे आहेत, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. याला कुणी भूत म्हणतं, कुणी जिन. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. मन आधी जागं झालं आणि स्नायू मागे राहिले की असं होतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. जागरणानंतर आणि उताणं झोपल्यावर जास्त. जुन्या काळचे नामवंत हकीम इब्न सीना यांनीही या ‘काबूस’ची (छातीवर दडपण आल्यासारख्या या अवस्थेची) शारीरिक कारणं लिहिली आहेत. त्या वेळी उठायची झटापट करू नका. मनात ‘अऊजु’ म्हणत एक बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा. पुढच्या रात्री कुशीवर झोपा.

डॉक्टरकडे कधी जायचं? आठवड्यात अनेकदा स्वप्नं पडून झोपायचीच धास्ती बसली, झोपेत हातपाय झाडून शेजारच्याला लागायला लागलं, घोरताना श्वास अडकतो, अपघात किंवा मारहाणीनंतर तेच दृश्य परत परत येतं, किंवा नवीन गोळी सुरू झाल्यावर हे लागलं, तर. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी वाईट स्वप्नं पडतात, पण गोळी मनाने बंद करू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416ला मराठीतही बोलता येतं. आणि ‘कुणाला सांगू नये’ हा हुकूम इथे आडवा येत नाही. तिथे ताबीर विचारायची नसते, लक्षण सांगायचं असतं.

मुलांसाठी

प्रेषित आपल्या नातवांवर, हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यावर, हे पढत: ‘उईजुकुमा बिकलिमातिल्लाहित्ताम्मति मिन कुल्लि शैतानिंव्व हाम्मह, व मिन कुल्लि ऐनिल्लाम्मह.’ हजरत इब्राहीम (अलै.) यांनी इस्माईल आणि इसहाक यांच्यासाठी हीच पनाह मागितली होती. ‘कुमा’ दोघांसाठी आहे. एकच मुलगा असेल तर ‘उईजुका’, मुलगी असेल तर ‘उईजुकी’, दोनाहून जास्त मुलं असतील तर ‘उईजुकुम’.

तीन ते सात-आठ वर्षांचं मूल झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे असतात, पण आईलाही ओळखत नाही. हे स्वप्न नसतं. हलवून जागं केलं तर आणखी बिथरतं. पडणार नाही एवढं बघा, जवळ बसा, हळू आवाजात पढा, ते आपसूक परत झोपतं. पहाटेकडे रडत उठून ‘वाघ आला’ म्हणणाऱ्या मुलाला मात्र स्वप्न पडलेलं असतं. त्याला जवळ घ्या, थुथू शिकवा, मुलांना ते आवडतं. दिवा लगेच झगझगीत लावू नका. सकाळी नाश्त्याला पाहुण्यांसमोर ‘सांग रे, रात्री काय दिसलं?’ असं विचारू नका.