दोन हजारांच्या आत पहिलं घड्याळ कसं निवडावं

पहिलं घड्याळ घेताना बहुतेकजण डायलच्या रंगावर भाळतात आणि महिन्या-दोन महिन्यांत ते घड्याळ कपाटात जाऊन पडतं. बहुधा ते मनगटावर धड बसत नसतं. म्हणून सुरुवात दुकानात न करता घरी करा.

1. आधी मनगट मोजा

घड्याळ जिथे बांधाल तिथे दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर मोजा. मग तीच पट्टी मनगटावर आडवी ठेवून वरचा सपाट भाग किती मिलिमीटर भरतो ते बघा. हा दुसरा आकडा जास्त कामाचा. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची घड्याळाची लांबी या आकड्यापेक्षा कमी हवी. जाहिरातीत ‘42 मिमी’ लिहिलेलं असतं ती फक्त गोलाची रुंदी. टोकं धरली की घड्याळ त्याहून बरंच लांब भरतं. मनगटाचा घेर 15-16 सेंटिमीटर असेल तर गोलाची रुंदी 34 ते 38 मिमीच्या आसपास बघा, 17-18 असेल तर 40 पर्यंत निभावतं. ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ या पाट्यांकडे लक्ष देऊ नका. एकेकाळी घरोघरी पुरुषांच्या हातात दिसणारं एचएमटी जनता जेमतेम 35 मिमीचं होतं.

2. सेलवरचंच घ्या

चावीच्या आणि ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळांची मजा वेगळी, पण या पैशांत पहिलं घड्याळ क्वार्ट्झच, म्हणजे सेलवर चालणारं, असावं असं माझं ठाम मत आहे. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्यामुळे साधं क्वार्ट्झही महिन्याला फार तर 15-30 सेकंद पुढेमागे होतं. जुनं चावीचं घड्याळ एका दिवसातच तेवढी चूक करू शकतं, शिवाय सर्व्हिसिंगचा खर्च वेगळा.

काट्यांचं हवं असेल तर सोनाटा, मॅक्सिमा, टायमेक्स यांची साधी मॉडेल्स या बजेटात मिळतात. डिजिटल चालत असेल तर कॅसिओ एफ-91डब्ल्यू बघाच. 1989 पासून हे घड्याळ जवळपास तसंच येतंय, वजन जेमतेम 21 ग्रॅम, सेल साधारण सात वर्षं. दिवा मात्र अगदीच मिणमिणता. लोकप्रिय असल्याने त्याच्या नकलाही ढिगाने आहेत, तेव्हा फूटपाथवर घेऊ नका.

एक लक्षात असू द्या: नीटसारख्या परीक्षेला घड्याळ आत नेता येत नाही. त्यासाठीच घेत असाल तर नियम आधी वाचा.

3. पाण्याचा आकडा शब्दशः घेऊ नका

घड्याळाच्या मागच्या बाजूला ‘30 मीटर’ लिहिलं म्हणजे 30 मीटर खोल नेता येतं असं नाही. तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा. 30 मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे शिंतोडे. पोहायला 50 तरी हवं, 100 असेल तर निर्धास्त. गरम पाण्याच्या अंघोळीला मात्र कुठलंच घालू नका.

4. ‘नव्यासारख्या’ एचएमटीपासून सावध

ऑनलाइन हजार-दीड हजारात झगझगीत निळ्या-केशरी डायलची एचएमटी दिसतात. कारखाने बंद करण्याचा निर्णय 2016 मध्येच झाला, मग ही कोरी घड्याळं येतात कुठून? बरीचशी जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून, डायल नव्याने रंगवून विकली जातात. परदेशातल्या संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पाडलंय! फोटो मोठा करून अक्षरं बघा: छपाई फुगलेली किंवा वाकडी असेल, एकाच विक्रेत्याकडे एकच मॉडेल दहा रंगांत असेल, तर सोडून द्या. हौस असेल तर जरूर घ्या, पण रोजच्या वापराचं पहिलं घड्याळ म्हणून नको.

5. दुकानात हातात घेऊन तपासा

सेकंद काटा खुणांवर बरोबर पडतो का बघा. स्वस्त घड्याळात थोडा चुकणारच, पण अर्धा-अर्धा चुकत असेल तर दुसरा नग मागा. तारीख असेल तर काटे फिरवून ती बाराच्या आसपास बदलते का पाहा. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 मिमी असेल तर पुढे कुठेही दुसरा पट्टा मिळेल. आपल्याकडच्या घामात चामड्याचा पट्टा लवकर वास मारतो. रेझिन (प्लास्टिकसारखा पट्टा) किंवा नायलॉन बरं. स्टीलची चेन घेतलीत तर कड्या तिथेच कमी करून घ्या आणि काढलेल्या कड्या मागून घ्या. सोनेरी पॉलिश टाळा, आधी कडांवरचं उडतं.

वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. पुढे कधी सेकंद काटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला, तर बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. सेल लगेच बदला, मेलेला सेल आत राहिला तर गळून मशीन खराब करतो.