मूव्हिंग हेडचे गोबो, प्रिझम, शटर वापरताना आधी काय, नंतर काय

मूव्हिंग हेड म्हणजे मोटरवर फिरणारा स्टेज लाइट, आणि गोबो म्हणजे त्याच्या आतली नक्षीची चकती, जिचा पॅटर्न प्रकाशात उमटतो. सगळ्यात आधी एक ठरवा, हा पॅटर्न कुठे दिसायला हवाय, पडद्यावर-फ्लोअरवर की हवेत? कारण दोन्हीचं सेटिंग वेगळं. हवेत बीम (प्रकाशाचा झोत) दिसायला हेझ (मशीनने सोडलेला विरळ धूर) लागतोच, आणि तिथे मोठी भोकं असलेले, मोकळे गोबो चालतात, बारीक नक्षीचे गोबो धुरात नुसते पुसट होतात.

आता क्रम. आधी झूम (बीम किती रुंद ते), मग गोबो, मग फोकस. झूम बदलला की फोकस जातो (काही लाइटमध्ये ऑटोफोकस असतो, पण डोळ्याने बघाच), म्हणून फोकस लावून मग झूमशी खेळत बसलात तर तेच काम परत करायचं. अंतर बदललं तरी तेच, त्यामुळे मागच्या पडद्यासाठी लावलेला फोकस पुढच्या फ्लोअरवर चालेल असं धरून चालू नका, दोन्हीचे वेगळे प्रिसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) करा.

बीम बारीक करायचा तर आयरिस (लाइटच्या आतलं लहान-मोठं होणारं गोल भोक) की झूम? झूम कमी केला तर प्रकाश एकवटतो, उजेड वाढतो. आयरिस नुसता कडेचा प्रकाश कापतो, उजेड वाढत नाही. जोरदार बीम हवा तर झूम, आणि एका माणसावर छोटा गोल हवा असेल तर आयरिस.

शटरवर, म्हणजे प्रकाशाच्या कडा सरळ कापणाऱ्या पात्यांवर (ब्लेड), मात्र वेळ घाला. साधारण चार ब्लेड असतात, प्रत्येकाची दोन टोकं वेगवेगळी हलतात म्हणून कडा तिरकी करता येते. लाइट बाजूने मारत असेल तर चौकोन वाकडाच पडतो, तेव्हा आधी पूर्ण फ्रेम फिरवून एक कडा पडद्याच्या कडेला समांतर करा, मग उरलेल्या तीन ब्लेड एकेक करून आत घ्या. आणि हे लक्षात असू द्या की ब्लेड आणि गोबो लाइटच्या आत वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून दोन्ही एकदम शार्प सहसा होत नाहीत, काय महत्त्वाचं ते तुम्ही ठरवायचं. मी पडद्यावर नक्षी असेल तर गोबो शार्प ठेवतो आणि कडा थोडी मऊ सोडतो, बघणाऱ्याला ती खटकत नाही.

प्रिझम सगळ्यात शेवटी. तो एका चित्राची अनेक चित्रं करतो म्हणजे उजेडही वाटला जातो. आणि प्रिझम टाकल्यावर फोकसही परत बघा. गोबो एका दिशेला आणि प्रिझम उलट दिशेला, दोन्ही हळू फिरवा, मस्त दिसतं. बऱ्याच लाइटमध्ये प्रिझम आणि फ्रॉस्ट (प्रकाश मऊ करणारा फिल्टर) एकत्र लागत नाहीत, तुमच्या लाइटचं मॅन्युअल बघून घ्या.

फिरत्या गोबोला इंडेक्स आणि रोटेशन असे दोन प्रकार असतात, इंडेक्समध्ये तो ठरलेल्या कोनात थांबतो, रोटेशनमध्ये फिरत राहतो. लाइटची प्रत्येक गोष्ट कन्सोलवरून (लाइट चालवायच्या बोर्डवरून) आपापल्या चॅनलने चालते, त्या चॅनलची व्हॅल्यू ० ते २५५ असते, त्यात कुठल्या आकड्यापासून काय सुरू होतं ते लाइटप्रमाणे बदलतं. पॅचमधला (कन्सोलवरच्या लाइटच्या नोंदीतला) मोड, म्हणजे चॅनलची मांडणी, आणि लाइटवरचा मोड सारखाच हवा, नाहीतर गोबो बदलायला जाल आणि प्रिझम हलेल.

आणि क्यू (शोमधला साठवलेला एकेक लाइट बदल) लावताना गोबो उजेडात बदलू नका (मुद्दाम इफेक्ट हवा असेल तर गोष्ट वेगळी), चाक फिरताना मधले सगळे गोबो प्रेक्षकांना दिसतात. आदल्या क्यूमध्ये डिमर (उजेड कमी-जास्त करणारा चॅनल) शून्यावर असतानाच गोबो, फोकस आणि पोझिशन लावून ठेवा, मग पुढच्या क्यूला फक्त डिमर वर घ्यायचा.